नऊ प्रश्नांतला वाढदिवस

आमच्या सरांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्यापासून सुरू केली नाही. वर्तमानपत्र हातात आलं की ते थेट मधलं पान उघडत. हजेरी एकतीस नंबरापासून घेत आणि मग मनाला येईल तसं वर-खाली जात, त्यामुळे एक नंबरचा मुलगा खुशाल उशिरा येऊनही हजर ठरे. लग्नाच्या पंगतीत वाढपी ओरडत राहायचा, 'सर, तिकडून भरत या', पण सर रांगेच्या मधोमध जाऊन मांडी घालत. एसटीत पुढची जागा रिकामी असली तरी मधल्याच बाकावर बसत, आणि ते बाक कुठलं हे ठरवण्यासाठी आधी सगळी बाकं मोजत. मागचे प्रवासी तोवर पायरीवर उभे.

काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, हे सगळं पाठ होतं. आम्ही मुली त्यांच्या घरी गेलो की त्या चहा ओतता ओतता तक्रार सांगायच्या. "मन्हं लगीन बी यास्नी असंच कयं. सात पोरी देखानं ठरेल व्हतं. यास्नी चवथं घर देखं, आनि उठीसन सांगं, बस."

सर वर्तमानपत्राच्या मधल्या पानाआडून विचारायचे, "मंग चुकनं का काही?"

तेव्हा काकूंच्या हातून चहात साखर जास्त पडायची, हे आम्ही बघितलेलं आहे.

शहाद्याच्या एका कॉलेजात सर आम्हाला संगणक शिकवत. पुस्तकातलं मराठी फक्त पुस्तकात, वर्गात त्यांची भाषा अहिराणीच. मुलांना ते नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. मी ब्राह्मणपुरीची, म्हणून तीन वर्षं मी 'ब्राह्मणपुरी' होते. "काय वो ब्राह्मणपुरी, आज फळा काय तुन्हा बाप पुसी का?" एका गावची दोन मुलं असली तर दोघंही उभी राहायची आणि सरांना दोघांपैकी कोण हवाय ते आठवत नसे. मग ते म्हणायचे, "दोन्हीजन सांगा."

मी त्यांची लाडकी विद्यार्थिनी होते, असं मी सगळ्यांना सांगत असते. ते खोटं नाही. पण ज्या दिवशी त्यांनी माझी सगळ्यात जास्त लाज राखली, त्या दिवसाबद्दल मी फारसं बोलत नाही. तिथवर यायला मला जरा आडवाटेने जावं लागेल.

क्रमाने लावलेल्या यादीत एखादी गोष्ट शोधायची असेल तर पहिल्यापासून एकेक बघत बसू नये. मधली बघावी. आपल्याला हवी ती मधलीच्या पुढे असेल तर मागची अर्धी यादी सोडून द्यावी, मागे असेल तर पुढची अर्धी. उरलेल्यात पुन्हा मधली बघावी. हजार नावांत दहाव्या खेपेपर्यंत नाव हाती लागतं. संगणकाच्या पहिल्या वर्षाला हे सगळेच शिकवतात. आमच्या सरांनी मात्र तो धडा नुसता शिकवला नाही, ते तो धडा जगले. तोच त्यांचा देव आणि तीच त्यांची पोथी. तीही फक्त मधूनच उघडलेली.

एकदा आमच्या शेतातली पाइपलाइन फुटली. विहिरीवरून केळीच्या बागेपर्यंत जमिनीखालून गेलेली, साठेक जोडांची. बागेत पाणी येईना. वडील आणि काका दोन दिवस विहिरीपासून एकेक जोड खणत होते आणि मी त्यांना भाकरी पोचवायला घरी राहिले होते. तिसऱ्या दिवशी सर त्यांच्या जुन्या स्कूटरवरून बांधावर हजर. मी कॉलेजला का येत नाही, ते विचारायला आले होते. वडिलांनी कुदळ टेकवली. "काय सांगू सर, परवापाईन खोदी ऱ्हायनूत. कोठे फुटेल शे काय समजत नही."

सरांनी पाइपच्या रेषेवरून चालत तीस जोड मोजले आणि तिथे चपलेनं माती उकरली. "आठे खोदा."

इथेच, अर्ध्यावर खोदायचं ऐकून काका हसले. पण खणलं. जोड सैल केला तर पाणी उसळलं. "आठेलोंग पानी शे. मांगलं सोडा आते," म्हणत सर पुढच्या तीसचा मध्य मोजायला निघाले. सहाव्या खड्ड्याला फुटका जोड सापडला. वडिलांनी सरांच्या स्कूटरवर केळीचा अख्खा घड बांधला. सर म्हणाले, "केळी नको माले. पोरीले धाडा. ती नही उनी का मन्हा वर्गना मधला बाक रिकामा ऱ्हास." घड मात्र नेला.

हाच धडा त्यांनी आम्हाला मैदानात शिकवला होता. मुलांना नंबरांच्या पाट्या देऊन ओळीत उभं केलं, पाट्या छातीशी उलट्या धरायच्या. एका टोकाच्या मुलाला नाव दिलं 'खाल', दुसऱ्या टोकाच्याला 'वर', आणि मला म्हणाले, "तू मधला. शोध." मी शोधत शोधत दोन मुलांवर आले आणि तिथेच अडकले. मधला काढला की तोच मुलगा, पुन्हा काढला की तोच. पाहिलेल्या पाटीच्या पुढच्या मुलापासून सुरुवात करायची, हे मी विसरले होते. मी पाहिलेल्यापासूनच पुन्हा सुरू करत होते. सर कडुलिंबाखाली बसून बघत राहिले. वीस मिनिटांनी तो मुलगाच कळवळून म्हणाला, "ताई, मन्हा नंबर तोच शे वो." तेव्हा सर उठले. "पाटी देखी लियी ना? मंग त्याले सोड! देखेल ले सोड, पुढे चाल." हे वाक्य मग वर्षभर आमच्या तोंडी होतं. परीक्षेत पेपर अवघड गेला तरी आम्ही एकमेकींना म्हणायचो, देखेल ले सोड.

आता सरांच्या वहीविषयी. लांबट, पुठ्ठ्याच्या कव्हराची ती वही त्यांच्या पिशवीत कायम असे. एका पानाला एक आठवडा, अशी वर्षभराची पानं, आणि त्यांत प्रत्येक विद्यार्थ्याचा वाढदिवस. वर्ग सुरू झाला की पहिल्या आठवड्यात ते खेळ करत. "तुन्हा वाढदिवस माले सांगू नको. मी नऊ सवालमा काढस. हो का नही, इतलंच बोल." जूनच्या आधी का? मार्चच्या आधी का? असं करत नवव्या प्रश्नाला किंवा त्याआधीच तारीख बरोबर निघे आणि वर्ग टाळ्या वाजवी. मग ती तारीख वहीत जाई. त्या दिवशी सकाळी आपल्या बाकावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक केळं सापडे. बोलणं काही नाही, फक्त केळं. मी माझं केळं पहिल्या वर्षी खाल्लंच नव्हतं, सुकेपर्यंत ठेवलं होतं. इतका आनंद झाला होता.

आमच्या वर्गात डोंगरातली चार मुलं होती, धडगावच्या वरच्या बाजूची. खेळात पहिल्याची तारीख निघाली एक जून. दुसऱ्याची एक जून. तिसऱ्याच्या वेळी सरांनी प्रश्नच विचारला नाही. "एक जून!" म्हणाले आणि वर्ग हसला. मीही हसले.

त्यात हसण्यासारखं काय होतं, ते मैदानी गावांतल्या आम्हाला चांगलं माहीत होतं. डोंगरात बाळ घरी जन्मतं, तारीख कुणी लिहीत नाही. सहा-सात वर्षांनी शाळेत नाव घालायची वेळ आली की गुरुजी पोराच्या उंचीवरून वर्ष ठरवतात आणि पुढे लिहितात एक जून. शाळा जूनमध्ये भरते, वयाचा हिशोब सोपा जातो. पिढ्यान् पिढ्या असंच. आणि एक जूनला कॉलेजला सुटी असते. म्हणजे त्या चौघांना तीन वर्षांत एकदाही केळं मिळालं नाही. हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नव्हतं. सरांच्याही नाही.

मी शेवटच्या वर्षाला असताना मुलींच्या वसतिगृहाच्या प्रवेशाचं काम सरांनी अंगावर घेतलं. दरवर्षी गृहपाल बाई खिडकीत रजिस्टर घेऊन बसत आणि पहिल्या पानापासून एकेक नाव बोटाने शोधत. रांग उन्हात दिवसभर. सरांना ते बघवत नसे. "पयल्यापाईन शोधतीस!" ते कपाळ बडवत म्हणायचे, जणू बाई चूल सोडून छपरावर स्वयंपाक करत होत्या. त्यांनी मला प्रोग्राम लिहायला सांगितला. मुलीने कागद दाखवायचा, मी शोधायचं, क्षणात उत्तर.

शोधायचं कशावरून? नावावरून नको, असं सरांनीच ठरवलं, आणि त्यात शहाणपण होतं. डोंगरातल्या मुलींची नावं प्रत्येक कागदावर वेगळी असतात. दाखल्यावर एक, जातीच्या कागदावर दुसरं. जन्मतारीख मात्र सगळीकडे एकच. म्हणून मी यादी जन्मतारखेच्या क्रमाने लावली. तारीख घालायची, संगणक मधूनमधून तोडत जाऊन ती तारीख गाठेल, समोर नाव येईल, ते आपण डोळ्याने ताडून बघायचं. चाचणीसाठी आम्ही आमचीच नावं यादीत घातली. माझी तारीख सापडली. सरांच्या मुलीची सापडली. काकूंची, ग्रंथपालांची, सगळ्यांची एका झटक्यात. सरांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. "ब्राह्मणपुरी, तू मन्हं नाव काढशी."

प्रवेशाच्या दिवशी मी खिडकीत बसले. नियम साधा होता: यादीत नाव असलेल्या मुलीने त्या दिवशी पाचच्या आत स्वतः सही करायची. पाच वाजता उरलेल्या खाटा प्रतीक्षा यादीतल्या मुलींना. खाट मिळाली नाही तर डोंगरातल्या मुलीला शिकायचं कुठून? तोरणमाळहून रोज कुणी खाली येत नाही.

दुपारी एक मुलगी आली, सोबत वडील. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाइल. नाव रमिला, गाव तोरणमाळ, जन्म एक जून. मी तारीख घातली. समोर नाव आलं मोगी.

"या तारखेला दुसऱ्या मुलीचं नाव आहे," मी म्हटलं. "तुझं नाही."

"ताई, पुन्हा बघा ना," ती म्हणाली. आश्रमशाळेत शिकलेलं स्वच्छ मराठी. "यादीत नाव आहे म्हणून आमच्या सरांनी सांगितलं. म्हणून आलो."

मी पुन्हा घातली. पुन्हा मोगी. संगणक काय, शंभरदा विचारलं तरी त्याच वाटेने त्याच जागी जाणार. "नाही येत गं," मी म्हटलं, आणि मागच्या मुलीचा कागद मागितला. मला आज ते आठवतं ते याचसाठी: माझ्या आवाजात चीड होती. ती वेळ खात होती म्हणून.

डोंगरातून आलेली माणसं खिडकीतून 'नाही' आलं की भांडत नाहीत. तिचे वडील फाइल उचलून तिला घेऊन गेले.

त्यानंतर आणखी तिघींना मी असंच परत पाठवलं. खरी मोगी आली, तिला खाट मिळाली, त्यामुळे प्रोग्रामवरचा माझा विश्वास वाढलाच. चारच्या सुमारास सर माझ्यासाठी चहा घेऊन आले. त्या तिघी अजून आवारातल्या झाडाखाली बसून होत्या. सरांनी सहज विचारलं, काय झालं? नाव नाही म्हणाल्या. सरांनी त्यांच्या सवयीने मधल्या मुलीला विचारलं, जन्म कधीचा? एक जून. मग डावीकडचीला. एक जून. उजवीकडचीला त्यांनी विचारलंच नाही. चहाचा कप त्यांनी जमिनीवर ठेवला, आणि मी खिडकीतून बघत होते, ते धावतच माझ्याकडे आले.

आत येऊन त्यांनी यादी उघडली आणि पहिल्यांदाच ती ओळीने वाचली. एक जून, त्याच वर्षीच्या, अकरा मुली एकाखाली एक. आमचा प्रोग्राम त्या अकरांतल्या एकीवर जाऊन पोचत होता आणि तिथे थांबत होता. बाकीच्या दहा तिच्या वर-खाली बसलेल्या होत्या, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ.

"मधली सापडनी का आपन थांबी गऊत," सर हळू म्हणाले. "बाजूले कोन बठेल शे, ते देखंच नही." आणि मग, "तुन्ही तारीख, मन्ही पोरनी तारीख. आपन आपलाच वाढदिवस तपासात."

झाडाखालच्या तिघींना त्यांनी आत घेतलं. उरलेल्या सहाजणी अजून आल्याच नव्हत्या. मी म्हटलं, सर, आणखी एक होती. तोरणमाळची. गेली.

वीस मिनिटांत आम्ही जीपच्या थांब्यावर होतो, स्कूटरवर सर पुढे आणि मी मागे. डोंगरात जाणाऱ्या जीप भरल्याशिवाय सुटत नाहीत, एवढीच आशा. नऊ जीप ओळीत उभ्या होत्या, आत माणसं, टपावर माणसं, पोती, कोंबड्या. सर थेट पाचव्या जीपपाशी गेले. मधली! आत डोकं घालून ओरडले, "तोरणमाळ!"

सगळ्या जीपनं मान वळवली. सगळीच तोरणमाळची. सर गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. तीस वर्षं माणसांना गावाने हाक मारणाऱ्या माणसाने मला विचारलं, "नाव काय शे तिनं?"

"रमिला."

ते मागे फिरले. पहिल्या जीपकडे गेले. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सरांना पहिल्यापासून सुरुवात करताना पाहिलं. पहिली जीप. "रमिला शे का?" प्रत्येक बाकावर, टपावर, म्हाताऱ्या बायकांनासुद्धा. दुसरी. तिसरी. चौथी. पाचवी पाहिलेली होती. सहावी. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. सातवी, आठवी, नववी. नाही.

पाचला पंचवीस मिनिटं होती. मी म्हटलं, "सर, ती पाचवी?"

"ती देखेल शे," ते म्हणाले. आणि म्हणता म्हणता थबकले. माझ्याकडे बघितलं. "चाल. देखेल बी परत देखूत."

ती पाचव्या जीपमध्येच होती. सगळ्यात मागे, बाहेर तोंड करून बसलेली. रडत होती, म्हणून हाक आली तेव्हा तिने मान वळवली नव्हती. मी तिला मांडीवरच्या प्लास्टिकच्या पिशवीवरून ओळखलं.

सरांनी तिच्या वडिलांपुढे हात जोडले. "चूक आमची शे. तुमन्या पोरनं नाव शे यादीमा."

ते गृहस्थ टपावरून खाली उतरले. त्यांना वाटलं होतं की दोष तारखेतच आहे. "गुरुजीनं लिवली तारीख," ते अपराध्यासारखे म्हणाले. "आमाला म्हाईत नव्हती. आमी काय सांगनार?" सरांनी त्यांच्या हातातलं पोतं स्वतःच्या हातात घेतलं.

रिक्षाने आम्ही पोचलो तेव्हा पाच वाजायला पाच मिनिटं होती. गृहपाल बाई खवळलेल्या. तुमच्या यंत्राने नाही म्हटलं, पाच वाजत आले म्हणून मी वेटिंगच्या मुलीला खाट सांगून बसले, आता कुणी निस्तरायचं? लेखी द्या. कुणी केला हा घोळ, नावानिशी लिहून द्या. सरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. खिशातून पेन काढलं आणि लिहिलं: प्रोग्राम मी लिहिला, मीच तपासला, चूक संपूर्णपणे माझी आहे. खाली सही. रमिलाला खाट मिळाली. वेटिंगच्या मुलीसाठी त्यांनी दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या दारात बसून एक जादा खाट टाकून घेतली.

मी त्यांच्या मागे उभी होते. प्रोग्राम माझा होता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. माझं वर्ष, माझे मार्क, माझी नोकरी, हे सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि मी गप्प राहिले. सरांना पुढे त्या कागदावरून चौकशीला सामोरं जावं लागलं, एक पगारवाढ अडली. त्यांनी मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी बोलावून एवढंच म्हणाले, "ब्राह्मणपुरी, परत लिख. तारीख सापडनी का थांबू नको. मांगे जाय, पयली सापडत नही तोवर. मंग तठेन एक-एक करीसन खाल उतर." मी लिहिलं.

रमिला त्या वर्षी आमच्याच विभागात आली. पहिल्या आठवड्यातल्या खेळात तिची पाळी आली तेव्हा मी दारात उभी होते. सर म्हणाले, "तुन्हा वाढदिवस तुले माहीत नही. तुन्ही मायले इचारनं पडी." वर्ग हसला नाही. सर हसवत नव्हते.

दिवाळीच्या सुटीत ते खरंच गेले, आणि मला बरोबर नेलं. तोरणमाळची ती चढण, वळणावर वळणं, आणि सर जीपच्या मधल्या बाकावर डोळे मिटून. सीताफळांचे दिवस होते. रमिलाच्या अंगणात आम्ही बाजेवर बसलो. तिची आई पावरी बोलायची, रमिला आम्हाला मराठीत सांगायची. सरांनी वही मांडीवर ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला. "मका काढानी आधी, का नंतर?"

नंतर.

"होळी व्हयेल व्हती?"

नाही. होळी यायची होती.

"ज्वारी कापेल व्हती का उभी?"

कापलेली. खळ्यावर पडलेली. आई आता बाजेच्या कडेला टेकली होती, तिला या विचारण्यात गंमत वाटायला लागली होती. इतक्या वर्षांत तिला कुणी हे विचारलंच नव्हतं. चौथ्या-पाचव्या प्रश्नाला ती एकदम हसली आणि नवऱ्याकडे बोट दाखवून काहीतरी भरभर बोलली. रमिलाने सांगितलं, त्या वर्षी बाबांनी काठी गावच्या होळीला नाचायचा नवस केला होता. होळीआधीचे पाच दिवस त्यांचं व्रत होतं. जमिनीवर निजायचं, घरात जायचं नाही, बायकामुलांना शिवायचं नाही. त्या पाच दिवसांत मी झाले. बाबा दाराबाहेर बसून माझं रडणं ऐकत होते.

म्हणजे पाच दिवस. सरांचं पेन वर उचललं गेलं. आम्हा दोघींनाही माहीत होतं ते आता काय म्हणतील. पाचातला मधला, तिसरा. पण सरांनी पेन खाली ठेवलं. "यान्या पुढे माले काढता येत नही," ते म्हणाले. "पाचमाईन कोनता, ते तू सांग."

रमिला आईशी काहीतरी बोलली. आई बोलली. वडील खाली बघून हसले. मग ती म्हणाली, "पाचातला कुठलाच नको, सर. होळीच्या दुसऱ्या दिवशी व्रत सुटलं आणि बाबांनी मला पहिल्यांदा उचललं. तोच ठेवा."

सरांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

परत निघताना मी रमिलाला बाजूला घेतलं. माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, "तो प्रोग्राम सरांनी नव्हता लिहिला. मी लिहिला होता."

"माहीत आहे, ताई," ती म्हणाली. "खिडकीत तूच होतीस." आणि माझ्या ओढणीत चार सीताफळं टाकली. यापेक्षा तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला जीपमध्ये वाटत राहिलं. आजही कधीकधी वाटतं.

रमिला आता डोंगरातल्याच एका शाळेत गणित शिकवते. मी पुण्यात प्रोग्राम लिहिते. सर निवृत्त होऊन शहाद्यातच आहेत. यंदा मी त्यांच्याकडे गेले तेव्हा काकूंनी पहिली तक्रार तीच केली. "होळी उनी का यास्ले येड लागस वो. दुसऱ्या रोजे सकायले पयली एसटी धरीसन जातस. कशाले, ते रमिलाले एक केळं देवाले. इतला घाट चढीसन एक केळं!" त्या दिवशीही कॉलेजला सुटीच असायची ना, म्हणून तेव्हापासून केळं घरपोच.

वही टेबलावर होती. माझं पान मला दाखवायला सरांनी ती उघडली, सवयीप्रमाणे मधोमध. माझं नाव योग्य जागी होतं, आमच्या वर्गातल्या सगळ्यांचं होतं. एक जूनच्या खालची चार नावं मात्र त्यांनी खोडली होती आणि त्यांच्यासमोर वेगवेगळ्या पानांचे आकडे लिहिले होते. मी विचारलं, "आणि रमिलाचं?"

होळी दरवर्षी हलते, त्यामुळे तिचं नाव त्या वहीत क्रमाने कुठेच बसत नाही. सर म्हणाले, "सांगस," आणि मागे पानं उलटायला लागले. हात आता थोडे कापतात त्यांचे. एकदम पहिल्या पानावर जाता आलं असतं, पण ते एकेक पान उलटत होते, एकही न गाळता, प्रत्येक पानावरच्या नावांवरून बोट फिरवत, अगदी पहिल्या पानापर्यंत, जिथे एकट्या रमिलाचं नाव होतं.